दहा पानांची पंगत

डिसेंबर २०२४च्या शेवटच्या आठवड्यात आम्ही दहा जण तीन दिवस मुंबईत होतो, आणि त्या तीन दिवसांत कुठे जेवायचे हे ठरवायला मला सहा आठवडे लागले. राहण्याची जागा मुलाने एका संध्याकाळी नक्की केली, सांगलीहून महालक्ष्मी एक्स्प्रेसची तिकिटे यांनी काढली, काय काय पाहायचे ते नातवंडांनी आपापसांत भांडून ठरवले. जेवणाच्या जागा मात्र मी निवडणार, असे मी पहिल्याच दिवशी सांगून टाकले होते. त्यासाठी मी एक शंभरपानी वही घेतली आणि तिच्यात एकेका रेस्टॉरंटला एकेक पान दिले.

यामागचे कारण मी तेव्हा कोणाला नीट सांगितले नाही. चाळीसहून अधिक वर्षे या घरातली पंगत मी वाढली. मुलगी अमेरिकेहून यायची तेव्हा ती विमानात बसण्याआधीच माझे पुरणाच्या डाळीचे आणि भाजणीचे हिशोब सुरू झालेले असायचे, आणि ती परत जायला निघाली की तिच्या बॅगेत चटणीचे पुडे कुठे ठेवायचे यावरून आमची दोघींची हुज्जत ठरलेली असायची. गेल्या तीन वर्षांत माझ्या बोटांचे सांधे असे धरले आहेत की कणीक तिंबणेसुद्धा बंद झाले. चार माणसांचे कसेबसे होते, दहा माणसांचा स्वयंपाक आता माझ्याकडून होत नाही. ओट्याशी उभे राहून जेवू घालणे हेच जिच्या मायेचे मुख्य बोलणे होते, तिच्या हातून ते काम सुटते तेव्हा आत काहीतरी रिकामे होते. म्हणून वांगी घेताना देठ आणि काटे पाहावेत, तांदूळ घेताना दाणा दाताखाली धरून पाहावा, तशी मी रेस्टॉरंट निवडायला बसले. माझ्या हातचे खायला घालता येणार नव्हते. पण कोणाच्या हातचे घालायचे, हे ठरवणे अजून माझ्या हातात होते.

दहा जणांत चार नातवंडे होती. मुलीची दोन, थोरला तेरा वर्षांचा आणि धाकटी सहा वर्षांची. मुलाची दोन, अकरा वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा. आम्ही दोघे, मुलगी-जावई, मुलगा-सून असे सहा मोठे. यांचे वय शहात्तर, मधुमेह, दोन्ही कवळ्या आणि डाव्या कानात यंत्र. पण वहीच्या पहिल्या पानावर मी यांपैकी काहीच लिहिले नव्हते. तिथे एकच शब्द मोठ्या अक्षरात लिहिला होता: शेंगदाणा.

धाकट्या नातीला शेंगदाणा चालत नाही. पथ्य म्हणून टाळायचा असे नव्हे. त्याचा अंशही पोटात गेला तर तिचे ओठ सुजतात आणि श्वास अडतो. ज्या घरात कोशिंबिरीपासून साबुदाण्याच्या खिचडीपर्यंत आणि आमटीपासून भरल्या वांग्यापर्यंत दाण्याचे कूट पडते, जिथे तेल म्हणजे घाण्यावरचे शेंगदाण्याचे तेल असाच अर्थ आहे, त्या घरातल्या नातीच्या नशिबी हे यावे याचे दुःख मला फार दिवस झाले. ती येणार असली की आठवडाभर आधी कुटाचा डबा, खलबत्ता, तेलाची बरणी सगळे शेजारी जाते, कपाटे धुऊन निघतात आणि सरकीचे तेल येते. घरी हे करता येते. बाहेर करता येत नाही. दोन वर्षांपूर्वी एका शहरातल्या एका महागड्या ठिकाणी आम्ही स्पष्ट विचारले होते, आणि वाढणाऱ्याने हसून ‘त्यात दाणे नाहीत’ असे सांगितले होते. हिरव्या चटणीत ते होते. मुलीने पर्समधून एपिपेन, म्हणजे अशा वेळची तातडीच्या औषधाची सुई, काढून लेकीच्या मांडीत टोचले तो क्षण, आणि त्यानंतरची इस्पितळातली रात्र, मी विसरू शकत नाही. त्या ठिकाणी पाट्या चकचकीत होत्या, काचेचे पेले उंच होते, नॅपकिनच्या घड्या सुंदर होत्या. त्या दिवशी मला कळले की महाग असणे आणि काळजीचे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्याला पैसे मोजायचे आहेत ते दुसऱ्या गोष्टीसाठी.

मग महागड्या ठिकाणी जायचेच कशाला, असे मुलाने विचारले. प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर असे की मोठ्या स्वयंपाकघरात माणसे जास्त असतात, एक पदार्थ वेगळ्या कढईत, वेगळ्या पळीने करून देण्याइतकी जागा असते, आणि ‘यात काय आहे’ हे सांगायला जबाबदार माणूस असतो. शिवाय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे २०२० सालचे नियम १ जुलै २०२२ पासून लागू झाले आहेत. त्यांनुसार केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा अथवा अधिक शाखा असलेल्या उपाहारगृहांनी पदार्थातले उष्मांक मेनूवर द्यायचे असतात आणि शेंगदाणा, काजू-बदामासारखा सुकामेवा, दूध, अंडी, मासे, खेकडे-कोळंबी, सोयाबीन, गव्हातले ग्लूटेन अशा वावड्या घटकांची माहितीही द्यायची असते. मोठ्या हॉटेलांच्या मेनूवर पदार्थापुढे बारीक चिन्हे दिसतात ती यासाठी. बहुतेक लोक ती वाचत नाहीत. मी चष्मा पुसून वाचते.

निवडण्याआधी मी गाळले, आणि गाळताना मन घट्ट करावे लागले.

पहिली काट बुफेवर मारली. मोठ्या हॉटेलांत मुलांना घेऊन जायचे म्हणजे बुफे बरा, ज्याला जे हवे ते तो घेईल, असे सगळे म्हणतात. मला ते पटत नाही. एका भांड्यातला चमचा दुसऱ्या भांड्यात जातो, आणि आमच्या नातीसाठी तेवढे पुरेसे आहे. पण ती नसती तरी मी बुफे गाळलाच असता, कारण बुफेत पंगत बसत नाही. चौघे उठलेले, तिघे रांगेत, एक जण पाव भाजून घ्यायला थांबलेला, आजोबा एकटेच थंड होणाऱ्या सूपसमोर. दोन तासांत दहा माणसे एकदाही एका वेळी खाली बसलेली नसतात. वर्षाकाठी तीन आठवडे भेटणाऱ्या माणसांनी एकत्र बसण्यासाठी पैसे मोजायचे आणि मग बसायचेच नाही, हे मला मान्य नव्हते.

मास्क हे महालक्ष्मीच्या लक्ष्मी वुलन मिल्सच्या आवारातले रेस्टॉरंट. २०१६ पासूनचे. हिमालयापासून कोकणापर्यंतच्या आपल्याच देशातल्या जिनसा घेऊन तिथे जे केले जाते त्याविषयी जावयांनी इतके वाचले होते की ते त्यांच्या यादीत पहिले होते. परंतु तिथे ठरलेल्या क्रमाने एकामागून एक लहान लहान पदार्थ येतात, आणि ते सावकाश, समजून, रात्री उशिरापर्यंत खायचे असतात. चार वर्षांच्या मुलाला तिसऱ्या पदार्थाला झोप येणार, आणि त्याला थोपटत बसलेल्या त्याच्या आईला सातवा कोणता होता ते कळणार नाही. तो अपमान दोघांचाही झाला असता, मुलाचा आणि त्या स्वयंपाकाचा. मुलगी-जावयांनी पुढे कधी दोघांनीच जावे, असे मी वहीत लिहून ठेवले.

खरी अडचण आली ती गोल्डन ड्रॅगनपाशी.

कुलाब्याच्या ताजमहाल पॅलेसमधले हे चिनी रेस्टॉरंट १९७३ साली सुरू झाले, आणि सिच्वान पद्धतीचे झणझणीत चिनी जेवण भारतात आणण्याचे श्रेय त्याला दिले जाते. हे तेव्हा बँकेत फोर्टच्या शाखेत होते. आमचे लग्न होऊन वर्षही झाले नव्हते. १९७९ साली पहिला बोनस हातात आला तेव्हा यांनी मला तिथे नेले. मी नऊवारीतून पाचवारीत नुकतीच आले होते, काट्याचमच्याने कधी जेवले नव्हते, आणि मेनूवरचे एकही नाव मला उच्चारता येत नव्हते. यांनाही येत नव्हते, हे मला फार पुढे कळले. त्या रात्री आम्ही काय खाल्ले ते दोघांनाही नीट आठवत नाही, पण वाढणाऱ्या वयस्कर गृहस्थांनी मला ‘बाईसाहेब’ म्हणून संबोधले आणि माझ्या ताटलीत आधी वाढले, ते आठवते. नातवंडांना तिथे न्यायचे ही यांची कित्येक वर्षांची इच्छा होती. गोल मेजाभोवती दहाही जण बसतील, मधली तबकडी फिरवत मुले हवे ते घेतील, असे चित्र त्यांनी स्वतःशी रंगवलेले होते.

आणि सिच्वान स्वयंपाकात शेंगदाणा ठायी ठायी असतो. परतलेल्या कोंबडीत तो असतो, नूडल्सवर असतो, तिखट तेलाच्या चटण्यांत असतो. एखादा पदार्थ वेगळा करून मिळेलही, पण फिरत्या तबकडीवर एकाचा चमचा दुसऱ्याच्या वाटीत जाणारच. मी हे यांना सांगितले तेव्हा ते काही बोलले नाहीत. संध्याकाळभर वर्तमानपत्र धरून बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वही उघडली तर गोल्डन ड्रॅगनच्या पानावर त्यांनीच आपल्या जुन्या शाईच्या पेनाने, बँकेत खतावणीत मारत तशी, पट्टी लावून आडवी रेघ मारली होती.

उरलेल्या ठिकाणी मी फोन केले. फोन दुपारी चार ते सहा या वेळात करायचा, हे मी अनुभवाने शिकले. तेव्हा दुपारची पंगत उठलेली असते, रात्रीची बसलेली नसते आणि बोलणाऱ्याला उसंत असते. माझे प्रश्न फार नव्हते. दाण्याचे तेल किंवा कूट स्वयंपाकघरात कशात वापरता, ते विचारायचे. संध्याकाळी किती वाजता दार उघडते, कारण चार वर्षांच्या मुलाची भूक सातला लागते आणि शहात्तर वर्षांच्या मधुमेही माणसाचीही. या दोघांच्या पोटाचे घड्याळ एकच आहे, हे मला या सहलीत पहिल्यांदा जाणवले. पायऱ्या किती आहेत. गाणी किती मोठ्याने लावता, आणि ध्वनिवर्धकापासून लांबचे टेबल मिळेल का, कारण गोंगाटात यांच्या कानातले यंत्र सगळेच आवाज सारखे मोठे करते आणि मग ते यंत्र काढून खिशात ठेवून एकटे होऊन बसतात. आणि शेवटचा प्रश्न: लहान मुलांना मोठ्यांच्याच पदार्थांतले थोडे, कमी तिखट करून, लहान ताटलीत द्याल का?

या शेवटच्या प्रश्नाविषयी मला जरा आग्रहाने बोलायचे आहे. पुष्कळ चांगल्या ठिकाणी मुलांसाठी वेगळा मेनू असतो, आणि त्यात बहुधा बटाट्याचे तळलेले काप, चीज घातलेला पास्ता आणि कोंबडीचे तळलेले गोळे असतात. हेतू चांगला असतो, मला कळते. पण घरात आपण मुलांना वेगळे काही रांधत नाही. वरणभातावर तूप जास्त आणि रश्श्याऐवजी नुसता वरचा तुकडा, एवढाच फरक असतो. मोठी माणसे जे खातात त्याचाच मऊ घास करून मुलाला भरवत भरवत आपण त्याची जीभ घडवतो. इतक्या लांब, इतक्या खर्चाने नेऊन शेवटी मुलाच्या पुढे तेच काप आले, तर त्याला आपण पंगतीत घेतलेच नाही, असे मला वाटते.

फोनवर मिळालेल्या उत्तरांपेक्षा ती कशी मिळाली याकडे मी अधिक लक्ष दिले. ज्यांनी पहिल्या वाक्यालाच ‘काही काळजी करू नका, सगळे होईल’ असे म्हटले, त्यांच्या पानावर मी फुली मारली. त्या हिरव्या चटणीच्या ठिकाणीही असेच म्हटले होते. ज्यांनी ‘थांबा, शेफना विचारून सांगतो’ म्हटले आणि खरोखरच उलट फोन केला, त्यांच्या पानावर बरोबरची खूण केली. शेवटी तीन पाने उरली. दिवसाला एकच मोठे जेवण, बाकी वेळी इडली, दहीभात, केळी. हेही मी ठरवून टाकले, कारण पोट भरलेले असताना वाढलेले उत्तम अन्नही वाया जाते.

खर्चाचे बोलणे निघाले ते निघण्याच्या आदल्या रात्री. जावई म्हणाले, ‘‘आई, तिथलं सगळं बिल मी देतो, तुम्ही फक्त जागा सांगा.’’ भला माणूस आहे, मनापासून म्हणाले. पण लेकीच्या घरचे घ्यायचे नाही, ही आमच्या घरची रीत मला वाकवता आली नाही, आणि त्याहून खरे कारण असे की पैसे त्यांनी दिले असते तर जेवू त्यांनी घातले असते. यांनी एक मुदत ठेव मुद्दाम या वर्षी पिकेल अशी ठेवली होती. मग हिशोब नीट मांडला. तेव्हाच्या नियमाने ज्या हॉटेलांत खोलीचे भाडे दिवसाला साडेसात हजारांच्या वर होते तिथल्या रेस्टॉरंटात जेवणावर अठरा टक्के जीएसटी लागत होता, बाहेरच्या स्वतंत्र रेस्टॉरंटात पाच टक्के. दहा माणसांच्या बिलात हा फरक मोठा होत होता, म्हणून तीनांपैकी एक जेवण बाहेरचे धरले. सेवाशुल्क देणे ऐच्छिक आहे, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये स्पष्ट केलेले होते, आणि आमच्या सहलीनंतर, मार्च २०२५ मध्ये, दिल्ली उच्च न्यायालयानेही तेच उचलून धरले. मी वाढणाऱ्याच्या हातात वेगळे पाकीट देणे पसंत करते, आणि तशी तीन पाकिटे घरूनच भरून नेली. राहायला चर्चगेटजवळचे साधे, स्वच्छ हॉटेल घेतले. खोलीत आपण डोळे मिटून पडतो. पैसे ताटावर घालावेत.

२६ डिसेंबरला गुरुवार होता, तोही मार्गशीर्षातला, आणि आमच्याकडे त्या दिवशी सामिष होत नाही. म्हणून पहिल्या दिवशी जेवण न ठेवता दुपारचा चहा ठेवला, ताजच्या पहिल्या मजल्यावरच्या सी लाउंजमध्ये. नाताळ ते एकतीस तारीख हा तिथल्या गर्दीचा काळ, त्यामुळे जागा महिनाभर आधी सांगून ठेवली होती. खिडकीशी दोन टेबले जोडून मिळाली. खिडकीबाहेर गेटवे, कबुतरे, बोटी आणि दुपारचे चमकणारे पाणी. थोरल्या नातवाला मी सांगितले की हे हॉटेल १९०३ सालचे आणि समोरची कमान १९२४ साली पुरी झालेली. म्हणजे बोटीतून मुंबईला येणाऱ्या माणसाला एकवीस वर्षे आधी हे हॉटेलच दिसत होते, कमान नव्हतीच. त्याने ते खरे आहे का ते फोनवर पडताळून पाहिले आणि मग मान हलवली. आत येताना बॅगा यंत्रातून का जातात, असे अकरा वर्षांच्या नातीने विचारले होते. यांनी तिला २६ नोव्हेंबर २००८ची हकीकत लपवाछपवी न करता, पण हळू आवाजात सांगितली, आणि जळालेला हा जुना भाग दुरुस्त होऊन १५ ऑगस्ट २०१० रोजी पुन्हा उघडला हेही सांगितले. ती बराच वेळ छताकडे पाहत होती.

सी लाउंजची ख्याती अशी की मुंबईतल्या कित्येक सुखवस्तू घरांतली मुले-मुली पाहण्याचे कार्यक्रम इथे झाले. पण मी ही जागा निवडली ती चहासोबत येणाऱ्या पदार्थांमुळे. इथे काकडीच्या नाजूक सँडविचच्या शेजारी भेळ आणि शेवबटाटापुरी मिळते. यांना गोड चालत नाही, त्यांना भेळ चालते. थोरल्याला केक हवा असतो, सुनेला तिखट. भेळेत दाणे नकोत हे आधीच सांगितलेले होते, तरी मुख्य वाढपी येऊन टेबलाशी वाकून पुन्हा विचारून गेले. आणि तेव्हा मी ते कार्ड बाहेर काढले.

कार्ड मी सांगलीत करून घेतले होते, पोस्टकार्डाच्या आकाराचे, प्लास्टिक लावलेले. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला हिंदी: ‘मला शेंगदाणा चालत नाही. त्याचा अंशही पोटात गेला तर माझा श्वास अडतो. तेल, कूट, चटणी, एकच पळी, सगळे जपावे.’ इंग्रजी बोलणारा वाढपी समजून घेतो, पण कढईशी उभा असलेला माणूस कोणत्या भाषेत वाचतो ते आपल्याला ठाऊक नसते. नातीने कार्ड हातात घेतले, उलटसुलट केले आणि आईला विचारले, ‘‘यात माझं नाव कुठंय?’’ नाव नव्हते. तिथल्या तिथे मी पेनाने कोपऱ्यात घातले.

दुसऱ्या दिवशी दुपारी लोअर परळला, कमला मिल्समधल्या बॉम्बे कॅन्टीनमध्ये. हे २०१५ साली सुरू झाले. मुंबईत वाढलेले आणि न्यूयॉर्कमध्ये नाव कमावलेले शेफ फ्लॉइड कार्डोज हे त्याच्या उभारणीतले एक, आणि मार्च २०२० मध्ये करोनाने ते गेले तेव्हा मी त्यांच्याविषयी वाचले होते. जुन्या बंगल्यासारख्या फरश्या, भरपूर उजेड. रात्री इथे फार गजबज असते म्हणून दुपार निवडली. आणखी एक गोष्ट मी तिथे बसण्याआधी केली. याच आवारात, दुसऱ्या एका जागी, २०१७च्या डिसेंबरात मध्यरात्री गच्चीवर आग लागून चौदा माणसे गेली होती. त्या रात्रीपासून कुठेही दहा माणसे घेऊन बसण्याआधी बाहेर पडायचा दुसरा दरवाजा कुठे आहे ते मी जाऊन पाहते, आणि मुलांनाही दाखवते. मी विचारल्याबरोबर तिथल्या मुलीने मला नेऊन दाखवला.

या ठिकाणाची गंमत अशी की त्यांचे सगळे पदार्थ आपल्या ओळखीच्या पदार्थांचे दूरचे नातेवाईक आहेत. टोस्टवर चीज, हिरवी मिरची आणि अंडे, ज्याला केजरीवाल म्हणतात, तो चार वर्षांच्या नातवाने मिरच्या काढून दोनदा मागितला. जव आणि ज्वारीचे सॅलड आले तेव्हा यांनी पहिला घास घेऊन चमचा खाली ठेवला. मला वाटले, दाताखाली काही आले. ते म्हणाले, ‘‘हुरड्याची आठवण झाली.’’ यांचे बालपण जतकडचे, ज्वारीच्या रानातले. मग ते नातवंडांना हुरडा कसा भाजतात, शेणकुटांच्या आरात कणीस कसे पुरतात आणि गरम कणीस हातावर चोळून दाणे कसे काढतात ते सांगत बसले, आणि थोरल्याने फोन खाली ठेवून ऐकले. ज्या गोष्टी यांनी घरी शंभरदा सांगायला घेतल्या आणि कोणी ऐकल्या नाहीत, त्या एका अनोळखी टेबलावर, चाळीस किलोमीटरवरही ज्वारीचे रान नसलेल्या जागी, पुऱ्या ऐकल्या गेल्या.

गोडाच्या वेळी मात्र मी सावध होते. त्यांचा प्रसिद्ध ‘गुलाब नट’ हा गुलाबजाम आणि डोनट यांचा मेळ, पण तो ओल्ड मंक रममध्ये भिजवलेला असतो, आणि नाव ऐकून मुले तोच मागणार हे उघड होते. मोठ्यांनी तो घेतला, मुलांसाठी दुसरे गोड आणले. मिठाईत मद्य आहे का, हा प्रश्न आपल्या आज्यांना कधी विचारावा लागला नव्हता. आता विचारावा लागतो.

त्या रात्री पंगत मुद्दाम मोडली. मुलाला लहानपणापासून काळाघोड्याच्या तृष्णा रेस्टॉरंटमधल्या लोणी-मिरी-लसणातल्या खेकड्याचे वेड आहे. तो थोरल्या भाच्याला एकट्याला घेऊन गेला. जिवंत खेकडा आधी टेबलापाशी आणून दाखवतात, हे पाहून आल्यावर भाच्याला रात्री अकरापर्यंत झोप आली नाही. मामा-भाच्याचे असे एक जेवण झाले पाहिजे, ते दहा जणांत होत नाही.

शनिवारी रात्री मुलीचे विमान होते. म्हणून शेवटचे जेवण सहारच्या आयटीसी मराठामधल्या पेशावरीत, विमानतळाच्या उंबरठ्यावर. दिल्लीच्या आयटीसी मौर्यमध्ये १९७८ पासून चाललेल्या बुखाराच्या परंपरेतले हे ठिकाण: दगडी भिंती, टांगलेली तांब्याची भांडी, लाकडी फळीवरचा मेनू, काचेपलीकडे दिसणाऱ्या तंदुरी. दार उघडतानाच आम्ही आत गेलो. पहिल्यांदा प्रत्येकाच्या गळ्यात चौकटीचा मोठा कापडी ॲप्रन बांधला गेला, आजोबांच्याही. कारण इथे जेवायचे ते हाताने. थोरला तेरा वर्षांचा, तिकडच्या शाळेत काट्या-सुरीला सरावलेला. तो आधी माझ्याकडे पाहत होता, मग आजोबांची चार बोटे पाहून त्याने तसाच घास केला. सुपाएवढा नान मेजावर आला आणि दहा हात त्यावर पडले. मंद आचेवर शिजवलेली सिकंदरी रान इतकी मऊ होती की यांच्या कवळीला काही करावेच लागले नाही.

पण मी इथे आले होते ती डाळीसाठी. अख्खे उडीद, टोमॅटो, लोणी, मलई, आणि रात्रभर निखाऱ्यांवर नुसते मुरणे. तिच्यात मसाल्याची गर्दी नाही, घाई नाही. मी आयुष्यभर जी आमटी केली तिच्याशी हिचे काही नाते नाही, पण काल रात्री कोणीतरी उद्याच्या माणसांसाठी भांडे आचेवर ठेवले असणार, हे पहिल्या घासाला कळते.

पण जेवण येण्याआधीची एक गोष्ट सांगायची राहिली. ऑर्डर घेण्यासाठी तिथले कॅप्टन आले. मी पर्समध्ये कार्ड शोधू लागले. ते तिथे नव्हते. नातीने ते आधीच काढून घेतले होते आणि ॲप्रनवर, दोन्ही हातांत छातीशी धरले होते. ती खुर्चीवर गुडघे टेकून उभी राहिली, आणि तीन दिवसांत जिने अक्षरांवर बोट ठेवून ठेवून ते पाठ केले होते ती, कार्डाकडे न बघता, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, ‘‘मला शेंगदाणा चालत नाही.’’

कॅप्टन दोन्ही गुडघे वाकवून तिच्या डोळ्यांच्या उंचीला आले. नेमप्लेटवरचे आडनाव आमच्याकडचेच होते. ‘‘बरं, ताई,’’ ते म्हणाले. ‘‘आणि काय काय चालतं, तेवढं सांगा.’’